एकाच बाजूचं नाणं

नाण्याला दोन बाजू असतात, हे वाक्य आपण वाद मिटवायला इतक्यांदा वापरतो की ते खरं आहे का, हे तपासायचं कुणाच्या मनात येत नाही. मी राहते त्या रायपूरच्या आसपासच्या मातीत मात्र एकच बाजू असलेली सोन्याची नाणी सापडली आहेत. दर्शनी बाजूवर पंख पसरलेला गरुड, त्याच्या शेजारी शंख आणि चक्र, खाली एक आडवी रेघ, रेघेखाली राजाचं नाव आणि भोवती ठिपक्यांची कड. नाणं उलटं केलं की दुसरं चित्र नाही. तोच गरुड, पण खोलगट. तेच नाव, पण उलट्या अक्षरांत. मागून दाबलं म्हणून पुढे उठलं, इतकाच त्याचा कारभार.

ही नाणी इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातली, म्हणजे या प्रदेशाला दक्षिण कोसल म्हणत होते त्या काळातली. जुन्या रायपूर जिल्ह्यातल्या खैरताल आणि पितईबंद इथल्या साठ्यांत ‘श्री महेन्द्रादित्य’ असं नाव असलेली नाणी मिळाली. पितईबंदला त्यांच्यासोबत ‘क्रमादित्य’ नावाचीही निघाली. शरभपुरीय घराण्यातल्या प्रसन्नमात्र राजाची नाणी तर पश्चिमेला चांद्यापासून पूर्वेला ओडिशातल्या कटकपर्यंत विखुरलेली आहेत. दक्षिणेला बस्तरमध्ये नळ राजांची अशीच नाणी आहेत. त्यांच्यावर गरुडाऐवजी बसलेला नंदी आणि चंद्रकोर.

मी इतिहासाची प्राध्यापक नाही. कागद आणि फेल्ट कापणं, दुमडणं, त्यांच्यावर उठाव आणणं हे माझं काम. शुभेच्छापत्रं, डबे, आकाशकंदील, मुलांच्या खोलीत लावायच्या फेल्टच्या माळा मी बनवते आणि सुट्ट्यांमध्ये मुलांना शिकवते. या नाण्यांची छायाचित्रं नाणकशास्त्राच्या पुस्तकात पहिल्यांदा पाहिली, तेव्हा राजाच्या नावाआधी माझं लक्ष कडेकडे गेलं. कड पातळ होती आणि थोडी वळलेली होती. जाड कागदावर जोर जास्त पडला की कड अशीच उचलते.

मग मी एक साधा हिशेब केला. या नाण्यांचा व्यास दोन सेंटिमीटरच्या आसपास आणि वजन सव्वा ग्रॅमच्या आगेमागे असतं. एक घनसेंटिमीटर सोन्याचं वजन १९.३ ग्रॅम. म्हणजे सव्वा ग्रॅम सोनं घेऊन ते दोन सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात सारखं पसरलं, तर पत्र्याची जाडी भरते सुमारे ०.२ मिलिमीटर. मी शुभेच्छापत्रासाठी २०० ते २५० जीएसएमचा जो कार्डशीट वापरते, त्याची जाडी साधारण तेवढीच असते. दीड हजार वर्षांपूर्वी कोसलच्या सोनाराच्या हातात आलेला पत्रा आणि माझ्या टेबलावरचा कागद, दोन्ही बोटाला सारखेच जाड लागले असते.

त्याच काळातल्या गुप्त सम्राटांच्या दीनाराशी तुलना केली की या आकड्याचा अर्थ कळतो. दीनार सुमारे आठ ग्रॅमचा. त्याचा व्यास कोसलच्या नाण्याएवढाच, पण वजन सहा पटींहून जास्त. तो जाड गोळ्यावर वरून आणि खालून दोन ठसे ठेवून घणाने ठोकलेला असे. एका बाजूला धनुष्य घेतलेला किंवा घोड्यावर बसलेला राजा, दुसऱ्या बाजूला देवी. त्याच्यावरचा उठाव हा सोन्याच्या जाडीचा उठाव आहे. कोसलच्या नाण्यात जाडी नाहीच. तिथला गरुड सोन्याचा बनलेला नसून सोन्याला पडलेल्या बाकाचा बनलेला आहे. एका दीनाराच्या सोन्यात अशी सहा नाणी होतात आणि दर्शनी बाजूने पाहणाऱ्याला रुंदीत फरक दिसत नाही.

कागदावर उठाव आणणाऱ्या माणसाला हे गणित रोज हाताळावं लागतं. स्वयंपाकघरातून दाखला द्यायचा तर डाय-कटिंग म्हणजे करंजीचं कातण आणि एम्बॉसिंग म्हणजे मोदकाचा साचा. डायला पात्यासारखी धार असते. कागद किंवा फेल्ट तिच्यावर ठेवून दोन पट्ट्यांच्या मध्ये घालायचा, यंत्राच्या रुळांतून फिरवून काढायचा, की आकार सुटून येतो. उठावाच्या साच्याला धार नसते. त्याचे दोन भाग असतात, एकावर चित्र वर आलेलं, दुसऱ्यावर तेच खाली गेलेलं. छापखान्यातले लोक त्यांना मेल आणि फीमेल म्हणतात. लग्नपत्रिकेवरचा उठलेला गणपती असाच बनतो. दोन्ही भाग एकमेकांत नेमके बसले नाहीत तर सोंडेपाशी कागद फाटतो.

फेल्टचा स्वभाव निराळा. ते विणलेलं नसतं. लोकरीचे किंवा कृत्रिम तंतू एकमेकांत गुंतवून, दाबून त्याची चादर केलेली असते. काश्मिरी नमदा हा त्याचाच भाऊ. आडवेउभे धागे नसल्यामुळे कापल्यावर कडा उसवत नाहीत, म्हणून डाय-कटिंगला ते सोन्यासारखं. पण साच्यात दाबा आणि बाहेर काढा, की घटकाभरात परत सपाट. कागदाचे तंतू ताणले गेले की तसेच राहतात. फेल्टचे तंतू सरकतात आणि परत येतात. दाब लक्षात ठेवणारे पदार्थ आणि विसरणारे पदार्थ, असे दोन वर्ग मी मुलांना सांगते. सोनं पहिल्या वर्गातलं सर्वांत हुशार मूल. कागद काही प्रमाणात ताणतो आणि मग फाटतो. सोनं ताणतच जातं.

आता त्या नाण्यांवरच्या नावांकडे वळू, कारण खरा वाद तिथे आहे.

महेन्द्रादित्य कोण? गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त याचं बिरुद ‘महेन्द्रादित्य’ होतं. त्याचा मुलगा स्कंदगुप्त याने ‘क्रमादित्य’ हे बिरुद घेतलं होतं. पितईबंदला ही दोन नावं एकाच साठ्यात निघाली. गरुड हे तर गुप्तांचं राजचिन्हच. त्यामुळे काही विद्वानांनी म्हटलं की ही नाणी गुप्त सम्राटांचीच. निदान त्यांच्या अमलाखाली, त्यांच्या नावाने पाडलेली. दुसरा पक्ष म्हणतो की हे स्थानिक राजे. अलाहाबादच्या स्तंभलेखात समुद्रगुप्ताने जिंकलेल्या दक्षिणेतल्या राजांमध्ये ‘कोसलचा महेन्द्र’ असा उल्लेख आहेच. म्हणजे महेन्द्र हे नाव या भूमीला परकं नव्हतं. शिवाय गुप्तांची असली एका बाजूची, पत्र्याची नाणी त्यांच्या खास मुलखात, गंगेच्या खोऱ्यात मिळत नाहीत. ती मिळतात इकडेच.

वाद नुसता नावाचा नाही. छत्तीसगढचा प्राचीन इतिहास बहुतेक वेळा शेजाऱ्यांच्या वाक्यात उपवाक्य म्हणून येतो. समुद्रगुप्ताने जिंकलेल्यांच्या यादीत कोसल. वाकाटक नरेन्द्रसेनाची आज्ञा मानणाऱ्यांच्या यादीत कोसल. फार पुढे, १७४१ मध्ये भास्करपंताची स्वारी रतनपूरवर आली आणि १७५८ पासून बिंबाजी भोसले इथे राहून राज्य करू लागले, तेव्हा हा मुलूख नागपूरकरांच्या यादीत गेला. आमच्यासारखी बरीच मराठी घराणी भोसल्यांच्या काळात किंवा त्यानंतर नोकरी-पेशाच्या निमित्ताने या बाजूला आली. त्यामुळे यादी करणाऱ्यांच्या बाजूने विचार करायची सवय आमच्या बोलण्यात सहज येते. ‘इथे आधी काय होतं’ असं विचारलं की आमचं उत्तर पुष्कळदा ‘इथे आधी कोणाचं राज्य होतं’ असं असतं. महेन्द्रादित्याचं नाणं गुप्तांचं की कोसलचं, हा प्रश्न त्या सवयीच्या मुळाशी जातो.

शरभपुरीय घराण्याचा काळ ठरवायला जो धागा मिळतो, तोही बाहेरचाच. सागर जिल्ह्यातल्या एरण इथे इसवी सन ५१० चा एक लेख आहे. लढाईत पडलेल्या गोपराज नावाच्या वीराचा तो स्मारकलेख. त्याच्या मागे त्याची पत्नी सती गेली. या गोपराजाला तिथे शरभ राजाच्या मुलीचा मुलगा म्हटलं आहे. आजोबा शरभ म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. त्याचा मुलगा नरेन्द्र. प्रसन्नमात्र त्यानंतरचा. त्याच्या नाण्यांवरही गरुड, शंख, चक्र आहेत आणि बनवण्याची रीतही तीच. १९५० च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी सिरपूरचं उत्खनन केलं, तेव्हा तिथेही प्रसन्नमात्राचं सोन्याचं नाणं मिळालं. सिरपूरला जाणारे आज लक्ष्मणमंदिराच्या विटा पाहतात, विहारांचे अवशेष पाहतात. नखाएवढ्या जाडीचंही नसलेलं ते नाणं गावाच्या आधीच्या दिवसांची साक्ष देतं.

बस्तरच्या नाण्यांची कथा मराठी वाचकाला जवळची वाटेल. एडेंगा या गावी ३२ नाण्यांचा साठा मिळाला: २९ वराहराजाची, १ भवदत्ताचं, २ अर्थपतीची. ती वाचून विद्वानांपुढे ठेवली नागपूरच्या वासुदेव विष्णु मिराशींनी, १९३९ मध्ये, भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात. मिराशींनी पुढे वाकाटकांच्या लेखांचा जो संग्रह १९६३ मध्ये सिद्ध केला, त्याशिवाय आज विदर्भाचा प्राचीन इतिहास लिहिता येत नाही. त्यांनी वाचलेल्या नाण्यांमधला भवदत्त आपल्याला आणखी एका ठिकाणी भेटतो: अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला. मराठी गद्याचं माहेर असलेलं महानुभावांचं रिद्धपूर ते हेच. तिथे मिळालेला भवदत्तवर्म्याचा ताम्रपट नंदिवर्धनाहून, म्हणजे रामटेकजवळच्या आजच्या नगरधनहून दिलेला आहे. बस्तरचा नळ राजा वाकाटकांच्या राजधानीत बसून दानपत्र देतो, इतकी त्या काळात सत्तेची उलथापालथ चालू होती. नाण्यावरची आणि ताम्रपटावरची अक्षरंही एकाच वळणाची: प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक छोटी चौकोनी पेटी. तिला पेटिकाशीर्ष लिपी म्हणतात.

त्या पेटीबद्दल माझं एक कारागिराचं मत आहे. ताम्रपटावर टोकदार सुळ्याने कोरताना ती पेटी ही नुसती शोभा, हाताला जास्तीचं काम. पण पातळ पत्र्यावर उठाव आणताना एकट्या बारीक रेघेपेक्षा बंद आकार ठळक दिसतो. त्याला चारही बाजूंनी सावली पडते. मी कार्डवर देवनागरी नाव उठवते तेव्हा शिरोरेषा नेहमी दुपदरी काढते, ती याच कारणासाठी. ही लिपी नाण्यांसाठी जन्मली नाही, ती मध्य भारतभर ताम्रपटांवर होतीच. पण ठसा करणाऱ्याला ती सोयीची पडली असणार.

आता ठसा. ही नाणी हाताने एकेक टोचून काढलेली नाहीत; ठशाने, मागच्या बाजूने दाबून काढलेली आहेत, असं नाणकशास्त्रज्ञ सांगतात. नावाच्या खाली एखादं सुटं अक्षर किंवा ठिपके असतात आणि ते सगळ्या नाण्यांवर सारखे नसतात. म्हणजे ठसे एकाहून अधिक होते आणि त्यांच्यात जाणूनबुजून फरक ठेवला होता. ठशावर गरुड वर आलेला आणि नावही वर आलेलं, सुलटंच असलं पाहिजे, तरच पत्र्याच्या पुढच्या बाजूला ते सुलटं उमटेल.

एकदा शिबिरात मुलांकडून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्रीवर नाव उठवून घेत होते. पत्री उलटी ठेवून, रिकाम्या रीफिलने मागून रेघ ओढायची. एका मुलीने नाव लिहिलं, पत्री पलटली आणि विचारलं, “ताई, मागे लिहिताना बरोबर होतं, पुढे उलटं का झालं?” मी तिला आरशात बघायला सांगितलं. दुसऱ्या वेळी तिने उलटं लिहिलं, फार मन लावून, आणि पुढे सुलटं आलेलं नाव पाहून ती स्वतःशीच हसली. कोसलच्या टाकसाळीत कुणीतरी ‘श्री महेन्द्रादित्य’ ही अक्षरं जोडाक्षरासकट कोरत बसला होता. सम्राटाचं असो की स्थानिक राजाचं, ते नाव कोरणारा माणूस इथला होता.

पण ठशाइतकंच महत्त्व पत्र्याखाली काय आहे, याला असतं. हे मुलांना सांगून पटत नाही, करून दाखवावं लागतं. पत्री काचेवर ठेवून मागून दाबली तर उठाव येत नाही, ओरखडा पडतो. लाकडावर थोडा येतो. जाड फेल्टचे दोन थर खाली ठेवले की रेघ खोल जाते, कडा गोल येतात आणि पत्री फाटत नाही. ज्याच्यावर उठाव टिकत नाही असं मी वर म्हटलं, ते फेल्टच उठाव देण्याच्या कामाला सर्वांत चांगलं, कारण ते हवं तिथे खाली बसतं आणि दाब गेला की पुढच्या पत्रीसाठी परत तयार होतं. ताम्रपत्र कोरून चित्रं छापणाऱ्या चित्रकारांच्या यंत्रातही ओलसर कागदाच्या वर फेल्टची जाड घडी असते. तीच कागदाला कोरलेल्या खाचांत ढकलते. आपल्याकडचे सोनार आणि कासार हे काम राळेवर करतात. राळ गरम करून मऊ करायची, तिच्यावर पत्रा बसवायचा आणि मागून ठोकायचं. कोसलच्या टाकसाळीत पत्र्याखाली राळ होती, लाख होती, शिसं होतं की चामडं, ते नाण्यावरून कळत नाही. मऊ काहीतरी होतं, हे मात्र त्या गोलसर कडांवरून कळतं. सोनं राहिलं, सोन्याला वाट करून देणारं ते मऊ अंथरूण गेलं.

याच हिशेबाने मी महेन्द्रादित्याच्या वादाकडे पाहते. कुमारगुप्ताच्या टाकसाळीत दोन ठशांची, जाड नाण्यांची रीत पक्की होती. सम्राटाने इथे स्वतःची नाणी पाडायची ठरवली असती तर ठसे आणि ठोकणारे तिकडून पाठवणं त्याला कठीण नव्हतं. तसं झालेलं दिसत नाही. इथल्या नाण्याची पद्धत दागिन्यांची आहे. पत्रा पातळ करायचा, मऊ बैठकीवर ठेवायचा, मागून उठवायचा: हे काम सोनाराच्या घरचं. म्हणजे नाव बाहेरून आलं असेल, गरुडही बाहेरून आला असेल, पण रीत इथली होती. आणि ती एका राजापुरती राहिली नाही. महेन्द्रादित्य, क्रमादित्य, प्रसन्नमात्र यांच्याकडे ती होती, बस्तरमध्ये वेगळ्या घराण्याच्या, वेगळ्या चिन्हाच्या नळांकडेही होती. एखादं बिरुद उसनं घेता येतं. तीन-चार पिढ्या आणि दोन घराणी ओलांडणारी कारागिरी उसनी म्हणता येत नाही. नाव कोणाचं, या प्रश्नाचं उत्तर विद्वानांनी द्यावं. हात कोणाचा, याचं उत्तर पत्रा देतो.

यावर एक रास्त शंका निघते. इतकं पातळ नाणं बाजारात टिकणार कसं? कमरेच्या कशात चार दिवस ठेवलं तरी गरुडाचे पंख चेपतील. म्हणून काहींना ही नाणी व्यवहाराची वाटत नाहीत. दानाची, प्रसंगाची वाटतात. मला स्वतःला पहिल्यांदा हेच पटलं होतं, कारण उठावाचं कार्ड आपण कुणाला देतो ते जपून ठेवण्यासाठी, हातोहात फिरवण्यासाठी नाही. मराठी घरातल्या देवघरात कुलदैवताचे जे टाक असतात, तेही याच जातीचे. चांदीचा पत्रा ठशावर ठोकून खंडोबा किंवा देवी उठवतात. त्यांना कुणी नाणं म्हणत नाही, आणि वर्षानुवर्षं उटणं लावून, घासूनपुसून नाकडोळे झिजले की नवे घडवतात.

युरोपच्या उत्तरेकडे पाहिलं तर दोन्ही बाजूंचे पुरावे मिळतात. नेमक्या याच पाचव्या-सहाव्या शतकांत स्कँडिनेव्हिया आणि आसपासच्या प्रदेशात सोन्याच्या पातळ पत्र्यावर एका बाजूने उठवलेली पदकं बनत होती. त्यांना ब्रॅक्टिएट म्हणतात. त्यांचा मूळ नमुना रोमन सम्राटांच्या पदकांचा. साम्राज्याच्या सीमेपलीकडच्या सोनारांनी सम्राटाचा चेहरा घेतला आणि त्याचं हळूहळू स्वतःच्या देवादिकांत रूपांतर केलं. त्यांना वर कडी असे, ती गळ्यात घालायची होती. दोन खंडांत, एकमेकांचा पत्ता नसताना, मोठ्या साम्राज्याच्या काठावरच्या लोकांनी थोड्या सोन्यात मोठं चिन्ह उठवायची हीच युक्ती काढली. पण पुढे बाराव्या शतकापासून जर्मन मुलखात चांदीची, तितकीच पातळ, एका बाजूची नाणी बाजारात सर्रास चालली. ती चेपत, मोडत. राज्यकर्ते ठरावीक मुदतीने जुनी परत घेऊन मोजून कमी नवी देत, आणि मधला फरक हा त्यांचा कर. म्हणजे पातळपणा हा नाणं नसल्याचा पुरावा होत नाही. आपल्याकडेही देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक एकाच बाजूने, वेगवेगळे ठसे मारून पाडलेले आहेत. ठोकून ठोकून ते वाटीसारखे खोलगट झालेले असतात, आणि ते चलनातच होते.

प्रसन्नमात्राची नाणी चांद्यापासून कटकपर्यंत पोचली, हेही लक्षात घ्यायला हवं. नुसत्या दरबारी भेटवस्तू इतक्या लांब पसरतीलच असं नाही. माझा कल आता असा आहे की ती दोन्ही होती. सोनं म्हणून वजनावर चालणारी, आणि नाव-चिन्हाच्या मानामुळे जपली जाणारी. कुणी ती मडक्यात पुरून ठेवली, म्हणूनच तर ती आपल्यापर्यंत न चेपता आली.

टिकवायचं काय आणि फिरवायचं काय, याची या राजांना चांगली जाण होती. त्यांच्या जमिनीच्या दानाचे ताम्रपट पाहा. सहसा तीन जाड पत्रे, एका कडीत ओवलेले, कडीवर गोल मुद्रा, मुद्रेवर दोन हत्तींनी अभिषेक केलेली गजलक्ष्मी आणि खाली राजाचं नाव सांगणारा लेख. तिथे सव्वा ग्रॅमची काटकसर नाही. रायपूरचं संग्रहालय १८७५ चं, नांदगावच्या महंत घासीदासांनी उभं केलेलं, देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. छत्तीसगढचे ताम्रपट पाहायचे तर तिथे जावं. जमीन कुणाची हे सांगणारी वस्तू हातात धरल्यावर जड लागली पाहिजे, असा त्यामागचा विचार असावा.

नरेन्द्र राजाचा कुरूदला मिळालेला ताम्रपट तर हे स्पष्टच सांगतो. त्यातली हकीकत अशी. एका ब्राह्मणाला पूर्वी एक गाव दान मिळालं होतं आणि त्याचं पत्र ताडपत्रावर लिहिलेलं होतं. त्याच्या घराला आग लागली, ताडपत्र जळालं. गावाचा उपभोग मात्र त्याच्याच घराण्याकडे चालू असल्याची खात्री झाल्यावर नरेन्द्राने तेच दान त्याच्या मुलाच्या नावे तांब्यावर पुन्हा कोरून दिलं. मूळ दान देणाऱ्याचा उल्लेख तिथे ‘परमभट्टारक’ असा सम्राटाला शोभेल अशा शब्दात येतो. तो गुप्त सम्राट असावा, असं अनेकांना वाटतं. म्हणजे इथेही तीच मांडणी: अधिकार कदाचित दूरच्या सम्राटाचा, पण जळालेल्या कागदाचं निस्तरणारा, वस्तू नव्याने घडवून देणारा राजा जवळचा. ताडपत्र जळतं हे अनुभवाने कळल्यावर तांबं वापरणाऱ्या लोकांनी पातळ सोनं अजाणतेपणी वापरलं असेल, हे मला पटत नाही. काय किती टिकायला हवं, हे त्यांनी मोजलं होतं.

मी शिबिरात आता कार्डशीटवर कोसलचं नाणं करायला लावते. २५० जीएसएमचा सोनेरी कागद, दोन सेंटिमीटरची गोल डाय, खाली फेल्टची जोडघडी. मुलांनी आपल्या आवडीचं चिन्ह मागून उठवायचं आणि रेघेखाली आपलं नाव उलटं कोरायचं. कुणी मोर करतं, कुणी क्रिकेटची बॅट, कुणी घरचं मांजर. गरुड करायला मी सांगत नाही. अट एकच असते: दुसऱ्याच्या नाण्याचं चिन्ह पाहून घेतलं तरी चालेल, पण ठसा स्वतः करायचा. सगळ्यांची नाणी झाली की ती टेबलावर पालथी घालायची आणि नुसत्या मागच्या खळग्यांवरून कुणी कुठलं केलं ते ओळखायचं. नाव उलटं असतं, चित्र खोल असतं. तरी मुलं ओळखतात. कुणाचा हात जड पडतो, कोण काठाशी घाबरतं, कुणाची रेघ शेवटी डावीकडे झुकते, हे त्यांना मागच्या बाजूने जास्त चांगलं दिसतं.